पाइपात शिजलेला चीक

पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. मोरीच्या जाळीतून, बुडबुड, बुडबुड, आधी पांढरं, मग राखाडी, मग साबणाचं, आणि त्यात लांब लांब केस, माझेच असतील, आणि मोरीचा कठडा जेमतेम चार बोटं उंच, आणि त्या कठड्यापाशी भिंतीला धरून माझी पोरगी उभी. नुकती कुठं पाय टाकायला शिकलेली. तिला वाटलं आईनं खेळायला पाणी सोडलं, ती टाळ्या वाजवायला लागली. मी तिला एका हातानं कमरेवर घेतलं, दुसऱ्या हातानं खिडकीच्या पडद्याची सळई ओढली, ती पडद्यासकट आली, आणि जाळी काढून सळई भोकात घातली. घातली आणि ढोसतच राहिले. काय करतेय ते मला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की पाणी कठड्यावरून आलं तर खोलीत येईल, खोलीतून जिन्यात जाईल, आणि जिन्यातून खाली अक्कांच्या अंगणात.

सळई एका ठिकाणी अडली. मऊ लागत होतं काहीतरी, पण हलत नव्हतं. मी अंगाचा सगळा भार टाकला.

भिंतीपलीकडं कट्‌ असा आवाज झाला.

आणि मोरीतलं सगळं पाणी गुपचूप निघून गेलं. एवढं शांतपणे गेलं की मला वाटलं, झालं, मोकळं झालं. मी हसलेसुद्धा. पोरीचा मुका घेतला. दोन श्वास घेतले असतील नसतील, तोच खालून अक्कांचा आवाज आला.

"वं माय वं! मना बिबडा! बठ्ठा बिबडा नासाई ग्यात!"

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. जळगावात त्यांचं जुनं दोन मजली घर, खाली त्या एकट्या, वर आम्ही दोन भाडेकरू. एका खोलीत मी, पोरगी आणि पोरीचे पप्पा. ते सकाळच्या गाडीनं भुसावळला कामावर जातात ते संध्याकाळीच येतात. दुसऱ्या खोलीत आपा आणि त्यांचा नवरा. ते दोघं कापूस पिंजून गाद्या भरतात. आमच्या दोघींच्या मोऱ्या भिंतीला पाठ लावून, आणि दोन्ही मोऱ्यांचं पाणी बाहेर एकाच पाइपात जातं. तो पाइप अक्कांच्या मागच्या अंगणात उतरतो. आणि त्या दिवशी त्या अंगणात, बरोबर त्या पाइपाखाली, खाटेवर जुनी साडी अंथरून अक्कांनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, वाळत घातले होते. सगळ्या वर्षाचे.

मी पोरीला घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आले. वरून दिसलं. पाइपाचा सांधा तुटून लोंबत होता आणि त्यातून माझ्या मोरीचं पाणी गोल गोल बिबड्यांवर पडत होतं. पांढरे पांढरे लगदे पडले होते साडीवर. अक्का डोक्याला हात लावून उभ्या. आपा त्यांच्या खोलीतून धावत बाहेर आल्या, माझ्या बाजूनं खाली उतरल्या, त्यांच्या ओढणीला कापसाची पिसं चिकटलेली होती, नेहमीच असतात. अक्कांनी त्या पिसांकडं बघितलं, मग त्या पांढऱ्या लगद्यांकडं बघितलं.

"तुनाच कापूस शे हाऊ," अक्का म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगेल व्हतं, कापूस मोरीत जावाले नको."

"अक्का, अल्लाची शपथ," आपा म्हणाल्या, "कापूस मोरीत कशाला घालू मी? कापूस म्हणजे आमची रोटी. रोटी कोणी मोरीत टाकतं का?"

"मंग हे काय? माले आंधळी समजस का?"

"लगदा आहे काहीतरी. पण कापूस नाही."

"महिना भरना का खोली खाली करी द्या," अक्का म्हणाल्या. खाटेजवळ बसून एक एक बिबडा उचलून बघायला लागल्या, चांगला आहे का, चांगला आहे का, आणि बाजूला टाकत गेल्या.

मी वरच्या पायरीवर होते. सळई अजून माझ्या हातात. तिला पडदा लटकलेला. सळई हळूच पाठीमागं घेतली. एवढंच केलं मी त्या वेळी.

तो कापूस नव्हता. तो माझा चीक होता.

माझी आई पारोळ्याकडची. आमच्याकडं उन्हाळ्यात गव्हाच्या कुरडया करतात, बाकी ठिकाणीही करतात म्हणा, पण मला वाटतं आईसारख्या कोणी करत नाही. आता ती नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, पिळायचे, गाळायचे, आणि ते दुधासारखं पाणी रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळं पाणी येतं आणि खाली पांढरा चीक बसतो. मला लहानपणापासून तो बसलेला चीक बघायला आवडतो. बोट एकदम मारलं तर दगडासारखा लागतो आणि बोट तसंच ठेवलं तर बोटाभोवती ओघळायला लागतो, जणू काही झोपेतून उठतोय. आई म्हणायची, त्याला उठवू नको, त्याला पाण्यात राहू दे. मग तो मिठाच्या उकळत्या आधणात शिजवून सोऱ्यातून कुरडया घालायची, पण त्याआधी पहिली वाटी मला. गरम चीक, साखर, तूप. बोटांना चटके बसायचे आणि तो जिभेवर कुठं संपतो कळायचं नाही.

ती वाटी माझ्या पोरीला द्यायची होती मला. दुसरी गोष्ट म्हणजे धुळ्याला सासूबाई. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या कुरडया वाळताना तुटल्या, तेव्हापासून शेजारणींना सांगतात, "आमच्या सूनबाईंच्या कुरडया म्हणजे पावट्याच्या शेंगा, हात लावला की फुटतात. शाळाही सातवीवर सोडली आणि चीकही अर्ध्यावर." मला एक डबा भरून पाठवायचा होता. एकही न तुटलेली.

अक्कांनी खोली देतानाच सांगितलं होतं, मोरी बारीक आहे, वर चीक, घाटा असलं पिठाचं काही शिजवायचं नाही, खाली अंगणात ये, माझ्याबरोबर कर. चांगल्या मनानं सांगितलं होतं. पण कोणी बघत असलं की मला काही जमत नाही. अक्का बघणार, हे पाणी जास्त झालं म्हणणार, मीठ कमी झालं म्हणणार, आणि मी सगळं विसरून जाणार. म्हणून मी चोरून केलं. दाराआड डब्यात गहू भिजवले. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला तर उदबत्ती लावली. पोरीचे पप्पा म्हणाले, "आज काय चतुर्थी आहे का?" मी म्हटलं, असंच. मिक्सरला गोधडी गुंडाळून थोडे थोडे गहू वाटले, अक्का दुपारी टीव्ही मोठा लावतात तेव्हा. गोधडीत मिक्सर एखाद्या जनावरासारखा घुरघुरायचा आणि पोरगी त्याच्यावर गाल ठेवून झोपायची.

आणि मग त्या दिवशी. गॅसवर आधण ठेवलेलं, त्यात मीठ टाकलेलं. मी मोरीवर बसून वरचं पिवळं पाणी ओतत होते, अगदी बारीक धार, अगदी हळू. माहीत नाही किती वेळ गेला. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलरची घरघर, पाण्याची धार, आणि पातेल्याच्या तळाला तो पांढरा, शांत. मला आईचं अंगण दिसत होतं. मी तिथंच होते म्हणा ना. आणि पोरगी मागून आली आणि माझ्या पाठीवर पडली, दोन्ही हात गळ्यात टाकून.

पातेलं हातातून कललं. चीक उठला. अर्ध्याच्या वर मोरीत गेला, आवाजसुद्धा न करता.

मग तांब्याभर पाणी टाकलं तर ते हळूहळू गेलं. दुसरा तांब्या गेलाच नाही. आणि इथं मी ते केलं. आमच्याकडं मोरी तुंबली की गरम पाणी ओततात, तेलतुपाचं असलं तर वितळून जातं. मला दुसरं काही सुचलं नाही. गॅसवर आधण उकळतच होतं. मी ते उचललं आणि सगळं ओतलं.

चिकावर मिठाचं उकळतं आधण. कळतंय ना तुम्हाला? आयुष्यभर बघितलेलं मला त्या क्षणी आठवलं नाही. मी पाइपात कुरडईचा चीक शिजवला. आई घाटायची त्याच्यापेक्षा घट्ट. आणि मग पाणी वर यायला लागलं.

आपा वर आल्या तेव्हा मी फडक्यानं मोरी पुसत होते. त्यांचे डोळे लाल होते पण मला म्हणाल्या, "तू का रडतेस गं? तुला कोण काय बोललं?" त्यांनी पोरीला घेतलं. बसल्या. मग त्यांनी मान वर केली आणि नाकानं हवा ओढली. उदबत्ती विझली होती. पलंगाखाली उरलेल्या चिकाचं पातेलं मी लुगड्याच्या तुकड्यानं झाकून सरकवलं होतं. आपांनी पलंगाखाली बघितलं नाही. मोरीकडं बघितलं, गॅसवरच्या रिकाम्या पातेल्याकडं बघितलं.

मग म्हणाल्या, "आधणात मीठ टाकलं होतंस का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"मग चांगला शिजला असेल," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. मला अजून तो हसण्याचा आवाज आठवतो, त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागतो.

"आपा, मी सांगते अक्कांना."

"सांग. नाहीतर नको सांगू. तुझी पोरगी लहान आहे." त्या पोरीच्या केसातून हात फिरवत होत्या. "फक्त आम्हाला खोली मिळायला वेळ लागतो गं. आम्ही गादीवाले म्हटलं की लोक म्हणतात धूळ होते. आमचं नाव ऐकलं की धूळ न होताही म्हणतात. या खोलीला सात महिने फिरलो होतो."

पोरीचे पप्पा संध्याकाळी आले तर त्यांना मी सगळं सांगितलं. ते मोरीवर बसून भोकात मोबाइलचा उजेड टाकून बघत होते. म्हणाले, "हे बघ, गप्प बस. खोली गेली तर मी इथं कुठंही पडेन, मित्राकडं राहीन, पण तुला आणि पोरीला धुळ्याला जावं लागेल. आईकडं. चालेल का?" मला नाही चालणार, त्यांना माहीत होतं. या खोलीत पहिल्यांदा मी दाराला आतून कडी लावून झोपले होते. माझी चूल, माझा गॅस, माझं काय करायचं ते.

नळ दुरुस्त करणारे भाऊ तिसऱ्या दिवशी येतो म्हणाले. तोवर वरून पाणी सोडायचं नव्हतं. भांड्यांचं, आंघोळीचं, पोरीच्या लंगोटांचं, सगळं पाणी बादलीत भरून जिन्यानं खाली न्यायचं आणि अंगणातल्या मोठ्या मोरीत ओतायचं. अक्का तिथंच खाटेवर बसलेल्या असायच्या. मी बादली घेऊन त्यांच्यासमोरून जायची. दरवेळी वाटायचं, आता सांगते. बादली ओतायची आणि वर यायची. पुढच्या बादलीला सांगू. तीन दिवसांत किती बादल्या झाल्या असतील. आपाही उतरायच्या, अक्का त्यांना म्हणायच्या, "सांड, सांड, तुनाच प्रताप शे," आणि आपा बादली ओतून वर यायच्या, आणि वर आल्यावर माझी भरलेली बादलीही न्यायच्या, कारण माझ्या कमरेवर पोरगी. मी नेऊ द्यायची. हेसुद्धा मी केलं.

दुपारी पोरीला झोपवता झोपवता मला डोळा लागायचा, आणि मला ऐकू यायचं, भिंतीत काहीतरी वाढतंय. पांढरं, लांब, दोरीसारखं. भिंतीतून खाली जातंय, जमिनीतून जातंय, जळगावातून पारोळ्याकडं, आईच्या अंगणात वर निघतंय आणि आई ते तोडून तोडून साडीवर गोल गोल घालतेय. म्हणतेय, बघ, एकही नाही तुटली. मी जागी व्हायची तर फक्त कूलर चालू असायचा.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले, करवत घेऊन. शिडी लावली. तुटलेल्या सांध्याखालचा हातभर पाइप कापला, खाली आणला आणि दगडावर आपटला. एकदा, दोनदा. मग पाइपातून ते सरकत बाहेर आलं. पाइपाएवढं जाड, करडं, साबण आणि केस गुंडाळलेलं, पण मधून चकचकीत. अंगणात पडलं आणि थोडं हललं. पोरगी माझ्या कमरेवर, तिनं बोट दाखवलं.

भाऊंनी पायानं उलटं केलं. "अक्का, ही खळ दिसते. कापडाला लावतात ती. गादीवाल्यांकडं असते ना."

"बघ!" अक्का आपांना म्हणाल्या. "मी काय सांगेल व्हतं? कापूस नही ते खळ!"

ज्यांचं सगळं आयुष्य चीक घाटण्यात गेलं त्या अक्कांनी चीक ओळखला नाही. रागानं नाक बंद होतं का माणसाचं? आपांनी माझ्याकडं बघितलं. फार नाही, पापणी मिटायला लागते तेवढंच. मग खाली बघितलं आणि ओढणीवरचं एक पीस काढून बोटात चुरगाळलं. त्या बोलणार नव्हत्या. त्यांना बोलायचं असतं तर तीन दिवस होते.

आता मला काहीच करायचं नव्हतं. गप्प राहणं इतकं सोपं होतं. खळच म्हणताहेत सगळे.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "खळीत मीठ नसतं."

अक्का म्हणाल्या, "काय?"

"खळीत मीठ नसतं, अक्का. त्यात मीठ आहे. तो माझा चीक आहे."

भाऊ शिडी आवरता आवरता थांबले. अक्का उठल्या, वाकल्या, त्या घाणीतून मधला चकचकीत तुकडा तोडला, दोन बोटांत दाबला, नाकाला लावला. त्यांचा चेहरा बदलत गेला. राग नव्हता तो. त्यांनी तुकडा परत खाली ठेवला, हळूच, जसं काही तुटायला नको.

"कितला गहू भिजाडेल व्हता?" त्यांनी विचारलं.

"दोन शेर."

"मिक्सरमा वाटा?"

"हो. गोधडी गुंडाळून."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, माफ केलं. मग त्या म्हणाल्या, "चीक सांडना ते सांडना. मना हातथीन बी सांडेल शे. बिबडा पुढला साल करसूत. पन तू तीन दिन मना समोरथीन बादल्या लई गयी, नि तोंड उघाडं नही. हिले बोलनी बसनी, ती ऐकी राहिंती तू." आपांकडं बोट केलं त्यांनी. "अशी बाई माले वर नको."

आपा म्हणाल्या, "अक्का, जाऊ द्या, लेकरू लहान आहे तिचं."

"तू गप ऱ्हाय. तू बी गपच व्हती," अक्का म्हणाल्या. पण आपांची खोली राहिली.

मी आता धुळ्याला आहे. पोरीचे पप्पा सुट्टीला येतात. मी निघाले त्या दिवशी आपांनी पोरीसाठी छोटी गादी दिली, हातभर लांब, नवा कापूस. पोरगी अजून तिच्यावरच झोपते. आणि पलंगाखाली उरला होता तो चीक मी त्या खोलीतच दुसऱ्या दिवशी कोरडा करून, पुडीत बांधून इथं आणला, आणि एक दिवस सासूबाई शेजारी गेल्या तेव्हा शिजवला. पोरीला वाटीत दिला. साखर, तूप. तिनं पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला डोळे मिटले.

सासूबाईंची मोरी मोठी आहे, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. त्या म्हणतात, "गप्प बसता आलं असतं ना, सगळं तर निभावलंच होतं." पोरीचे पप्पा म्हणतात, "बोलायचंच होतं तर पहिल्याच दिवशी बोलायचं. खोली तरी राहिली असती." दोघांचंही खरं वाटतं मला. मोरीवर भांडी घासायला बसले की खाली जाणाऱ्या पाण्याकडं बघत बसते, आणि प्रत्येक वेळी परत त्या वरच्या पायरीवर असते. हातात सळई, सळईला पडदा, कमरेवर पोरगी, पाय घोट्यापर्यंत ओले, आणि खाली अंगणात माझ्या चिकासाठी दुसरीला कोणी बोलतंय. तिथं, त्या पायरीवर, घरात परत जायला जागा असताना, तुम्ही बोलला असतात का? का सळई पाठीमागं घेतली असती? आणि घेतली असती, तर तिसऱ्या दिवशी, सगळे खळ म्हणत असताना, मग काय केलं असतं तुम्ही?